काळा धूर मारणारी जीप आणि तिचा कार्बोरेटर

आमच्या भागात पेट्रोलवरची जुनी जीप आता शोधूनच सापडते. यवतमाळ जिल्ह्यात ज्यांच्या घरी अशा जीपा होत्या, त्यांनी पेट्रोल महाग झाल्यावर मूळ इंजिन उतरवून डिझेल बसवलं. काढलेली इंजिनं भंगारात गेली. मोठ्या मामांनी ते केलं नाही. त्यांची सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटवाली जीप, मूळच्या हरिकेन इंजिनासह माझ्याकडे आली. आली तेव्हा ती चालत होती, पण मागून असा काळा धूर सोडायची की पांदणीनं मागे येणारा बैलगाडीवाला थांबून अंतर वाढू द्यायचा. पेट्रोलचा वास कपड्यांना लागायचा. लिटरला पाच किलोमीटरही धड मिळत नव्हते. गरम झाली की स्लोवर, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन हळू चालतं तेव्हा, गचके खाऊन बंद पडायची आणि पुन्हा सुरू व्हायला फार छळायची.

जो भेटला त्यानं एकच सल्ला दिला, डिझेल टाक. मला ते पटलं नाही. अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपा महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतल्या. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनलं आणि आपल्याकडे त्यानंतरही बनत राहिलं. हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. इनटेकचा मार्ग हेडमध्येच ओतलेला, त्यामुळे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर सरळ हेडवर बसतो. सव्वादोन लिटरच्या आसपासचं साधं चार सिलिंडरचं इंजिन. उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं, हातानं दुरुस्त होतं. असं इंजिन एका कार्बोरेटरपायी काढून टाकणं मला जमणारं नव्हतं.

अमेरिकेतल्या जीपला कार्टर कंपनीचा कार्बोरेटर यायचा. माझ्या जीपवर सोलेक्स आहे. तालुक्याच्या गावी एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आयुष्यभर जीपा आणि पेट्रोल ट्रक केलेला माणूस. आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून स्वतः काम घेत नाहीत, पण खुर्ची टाकून बसतात आणि दुसऱ्याच्या हातून करून घेतात. मी पेचकस घेऊन मिक्श्चरच्या, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाच्या, स्क्रूकडे वाकलो, तेव्हा त्यांनी हात धरला.

“बेटा, त्या स्क्रूले हात लावू नको. थो फक्त स्लोचा मालक हाय. गाडी तर रेसवरबी धूर मारून रायली ना? मंग पहिले पेट्रोल कुठून येते थे पाय, अन् हवा कुठं अडते थे पाय.”

पुढचं सगळं काम याच एका वाक्यावर झालं. जीप जास्त पेट्रोल खायला लागली की लोक आधी तो स्क्रू फिरवतात. स्लो थोडा सुधारतो, धूर तसाच राहतो. मग पुन्हा स्क्रू. शेवटी कार्बोरेटरच बदनाम होतो.

सुरुवात प्लगपासून केली. चारही काढून क्रमानं फळीवर मांडले. चारही काळे, कोरड्या काजळीनं भरलेले. बोटानं पुसली की काजळी निघायची. काळेपणा ओला, तेलकट असता तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाईडवाटे तेल जळतंय असं समजलं असतं. एखादाच प्लग काळा असता तर त्या एका सिलिंडरचा करंट, म्हणजे ठिणगी, तपासावी लागली असती. चारही सारखेच काळे, म्हणजे दोष चौघांच्या वाटेवरच, कार्बोरेटर किंवा त्याच्या आधी. पेट्रोल नीट जळायला वजनानं एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण पेट्रोलच्या बाजूनं झुकलं की न जळलेला कार्बन प्लगवर बसतो आणि उरलेला मागून धूर होऊन निघतो.

तरी चाचांनी करंट आधी नीट करून घ्यायला लावला. ठिणगी कमजोर असली तरी पेट्रोल अर्धवट जळतं आणि प्लग तसेच काळे होतात. दोन दोष एकत्र असले की कशानं काय सुधारलं हे कधीच कळत नाही. करंट तोडणारे पॉइंट घासून ०.५ मिलिमीटरचा गॅप ठेवला, प्लगचा पाऊण मिलिमीटर, कंडेन्सर नवा टाकला, टायमिंग तपासलं. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमानं आहेत ना तेही पाहिलं. मिसिंग कमी झालं, धूर जसाच्या तसा. एक शंका मात्र मिटली.

मग हवा. या जीपला तेलाचं एअर क्लीनर असतं. खाली तेलाची वाटी, वर जाळी. हवा तेलावरून वळते तेव्हा धूळ तेलात अडकते. आमच्या वाटीत तेलाऐवजी घट्ट काळा चिखल होता आणि जाळीत कापसाचे तंतू गच्च बसलेले. जीप जिनिंगच्या फेऱ्या करायची, तिथं हवेतच सरकी आणि रुईचा कचरा उडत असतो. वर कोणीतरी खुणेच्या पुढेपर्यंत तेल भरलेलं. जास्त तेलानं धूळ जास्त धरली जात नाही, उलट हवेची वाट आवळते आणि तेल इंजिनात खेचलं जातं. जाळी रॉकेलनं धुतली, वाळवली, इंजिनाचंच तेल खुणेपर्यंत घातलं. वेगातला धूर बराच उतरला. स्लोवरची घाण तशीच राहिली.

चोक हवा अडवून थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देतो. त्याची वायर पाहिली. डॅशबोर्डवरचा गुंडा पूर्ण आत ढकलला तरी खाली लिव्हर थोडा अलीकडेच थांबत होता, कारण वायरचं आवरण आत गंजून अडत होतं. म्हणजे गाडी कायम थोड्या चोकवर चालत होती. नवी वायर टाकली आणि लिव्हर शेवटच्या थांब्याला टेकतो हे डोळ्यांनी पाहून मगच स्क्रू आवळला. आत बसून गुंड्यावर विश्वास ठेवू नये. खाली लिव्हरला जाऊन बघावं.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. एअर क्लीनरची नळी काढली, इंजिन स्लोवर चालू ठेवलं आणि वरून बॅटरीच्या उजेडात कार्बोरेटरच्या घशात पाहिलं. स्लोवर पेट्रोल खालच्या बारीक छिद्रातून यायला हवं. मधली मोठी नळी, मेन नॉझल, त्या वेळी कोरडी असायला हवी. आमची ठिबकत होती, एकामागून एक थेंब. इंजिन बंद केलं तरी थोडा वेळ ठिबकतच राहिली. याचा अर्थ कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्याची, म्हणजे फ्लोटच्या कुंडीतली, पातळी नॉझलच्या तोंडापेक्षा वर आहे. पेट्रोल खेचलं जात नाही, ते आपोआप सांडतंय. हे पाहताना चेहरा लांब ठेवावा, बिडी-सिगारेटवाल्याला आवाराबाहेर काढावं आणि शेजारी वाळूची बादली असावी. आम्ही हे काम पहाटे केलं. आमच्या उन्हाळ्यात दुपारी पेट्रोल उघड्यावर ठेवणंच धोक्याचं.

कुंडीत फ्लोट, म्हणजे पोकळ तरंगता डबा, पेट्रोलबरोबर वर येतो आणि नीडल व्हॉल्व्ह नावाच्या सुईनं पेट्रोलची वाट बंद करतो. पातळी वर जाण्याची तीन कारणं असतात. पंप जास्त दाबतो, नीडल व्हॉल्व्ह बंद होत नाही, किंवा फ्लोट तरंगत नाही. आमच्याकडे तिन्ही निघाली, म्हणूनच इतके जण हरले असावेत. एक दुरुस्त केलं की दुसरं उरतंच.

मूळ मेकॅनिकल पंपाचा दाब अडीच ते पावणेचार पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पाउंड, असतो. तो पंप कधीतरी फाटला असावा. कोणी त्याला वळसा घालून चेसीसवर इलेक्ट्रिक पंप बसवला होता. नळीत टी टाकून गेज लावलं तर काटा सहाच्या पुढे. एवढ्या दाबापुढे नीडल कितीही चांगली असली तरी तिला पेट्रोल ढकलून उघडतं. इलेक्ट्रिक पंप काढला. मूळ पंप खोलला, त्यात नवा डायाफ्राम, म्हणजे पातळ रबरी पडदा, आणि नवे व्हॉल्व्ह टाकले. डायाफ्राम आजच्या पेट्रोलला टिकणारा घ्या, असं दुकानदाराला ठासून सांगितलं. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं. जुने डायाफ्राम आणि जुन्या नळ्या त्यात फार टिकत नाहीत. सगळ्या रबरी नळ्याही त्याच वेळी बदलल्या.

इथेनॉलबद्दल गावात एक गैरसमज ऐकतो, की त्यामुळे गाडी धूर मारते. होतं उलट. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या त्याच छिद्रावर, मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेकडे झुकतं. तेव्हा इथेनॉलवाल्या पेट्रोलवरही जीप काळी होत असेल, तर यंत्रात ठळक दोष आहे असंच धरावं.

फ्लोट काढून चाचांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला आणि माझ्या कानाशी आणला. “आयक. पोट भरलं हाय त्याचं.” आत पेट्रोल डुचमळत होतं. पितळी फ्लोटच्या सांध्याला बारीक छिद्र पडलं की पेट्रोल हळूहळू आत शिरतं. फ्लोट जड होतो, बुडतो, नीडल दाबायला वर येतच नाही. छिद्र शोधायची रीत सोपी आहे. पाणी तापवायचं, भांडं चुलीपासून लांब आणायचं आणि फ्लोट त्यात बुडवायचा. आतली वाफ फुगते आणि छिद्रातून बुडबुडे येतात. तिथं खूण करायची. मग छिद्राचं तोंड खाली करून गरम पाण्यात धरलं की आतलं पेट्रोल तीच वाफ बाहेर ढकलते. पूर्ण रिकामा होईस्तोवर आणि वास जाईस्तोवर फ्लोट उघड्यावर वाळवला.

डाख लावायला मी सोनाराकडे गेलो. वेल्डिंगवाल्याच्या हातात ज्योत असते आणि बोजड कथील. फ्लोटला दोन्ही नकोत. आमच्या सोनारांचे हात बारीक कामाचे आणि त्यांच्याकडे मिलिग्रॅमचा काटा. चाचांनी भंगारातल्या कार्बोरेटरचा तसाच कोरडा, शाबूत फ्लोट दिला होता, तो मापाला. सोनारांनी आधी त्याचं वजन घेतलं. मग विजेच्या कय्यानं छिद्र बुजवायला घेतलं, तर आतली हवा तापून फुगायची आणि ओलं कथील फोडून बाहेर यायची. त्यांनी दुसरीकडे सुईएवढं छिद्र पाडलं, पहिलं निवांत बुजवलं, फ्लोट थंड होऊ दिला आणि दुसरं एका झटक्यात बंद केलं. “हवेले जायाले रस्ता पायजे ना भाऊ,” एवढंच म्हणाले. जास्तीचं कथील कानसीनं उतरवून वजन मापाच्या फ्लोटशी जुळवलं. हे वजन महत्त्वाचं. कथिलाचा जाड गोळा ठेवला तर फ्लोट थोडा खाली बसतो, पातळी थोडी वर जाते आणि केलेलं काम अर्धं वाया जातं. पुन्हा गरम पाण्यात बुडवून बुडबुडा येत नाही हे पाहिलं. सोनारांनी पैसे घेतले नाहीत. लहानपणी ते याच जीपमधून मामांसोबत वणीच्या जत्रेला गेले होते.

नीडलच्या टोकाला गोल चरा पडलेला होता, भिंगातून स्पष्ट दिसत होता. चरा पडलेली नीडल सीटवर कधी बसते, कधी अडकते. नागपूरहून नीडल आणि सीटचा जोड मागवला. एकटी नीडल बदलून भागत नाही, दोघी एकमेकींसोबत झिजतात. सोलेक्समध्ये या सीटखालच्या वॉशरची जाडी पेट्रोलची पातळी ठरवते. वॉशर जाड तर पातळी खाली, पातळ तर वर. आमच्याकडे वॉशरच नव्हता, पुठ्ठ्याचा चपटा झालेला तुकडा होता. जोडासोबत आलेला एक मिलिमीटरचा वॉशर टाकला. कार्बोरेटर जोडला, इंजिन सुरू केलं, पुन्हा घशात पाहिलं. नॉझल कोरडी. मी बराच वेळ बघत राहिलो. एकही थेंब आला नाही.

स्लो आता साफ झाला होता. पण चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की मागे अजूनही काळं दिसायचं. रेसवरचं पेट्रोल मेन जेट ठरवतो. सोलेक्सच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. आमच्या जेटवरचा आकडा बरोबर होता, छिद्र बरोबर नव्हतं. भंगारातल्या कार्बोरेटरमधून त्याच आकड्याचा जेट घेतला. ड्रिलची जी बारीक काडी त्यात अडकत होती, ती आमच्या जेटमधून सरळ पार गेली. कोणीतरी कचरा काढायला किंवा जास्त ताकद मिळावी म्हणून तारेनं छिद्र कोरलं होतं. पितळ मऊ असतं. लोखंडी तार फिरवली की ते खरवडतं आणि गोल छिद्र अंडाकृती होतं. छिद्र किंचित वाढलं की पेट्रोल बरंच वाढतं. जेट फक्त हवेनं साफ करायचा. फारच अडला तर फड्याची काडी. तार कधीच नाही, हे मी माझ्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. जेट बदलला आणि चढावरचा धूर गेला.

आता इंजिनाच्या तेलाकडे. डिपस्टिक नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास आणि तेल पाण्यासारखं पातळ, खुणेच्या वर. महिनोन्‌महिने जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळत होतं. असं पेट्रोल भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकतं, आणि पातळ तेल बेअरिंगांना वाचवत नाही. कार्बोरेटर दुरुस्त झाल्या झाल्या तेल आणि फिल्टर बदलणं या कामाचाच भाग आहे. ते न बदलता लांब जाऊ नये. धुराला आपण घाबरतो, पण इंजिन मरतं ते या पातळ तेलामुळे.

शेवटी स्क्रू. इंजिन पूर्ण गरम करून चाचांनी स्वतः कान लावला. या कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू आत घेतला की स्लोवरचं मिश्रण कमी होतं. तो हलकेच, टोक न दाबता, पूर्ण आत टेकवला आणि दीड फेरा बाहेर घेतला. तिथून थोडा इकडे, थोडा तिकडे, इंजिन सगळ्यात गुळगुळीत आणि वेगात चालतं ती जागा. मग थ्रॉटलच्या स्क्रूनं स्लो मिनिटाला ६०० फेऱ्यांपर्यंत उतरवला. म्हातारपणी नजर गेली तरी त्यांचा कान शाबूत आहे, हे मी स्वतः पाहिलं. तिथूनच पीयूसीच्या केंद्रावर गेलो, कारण कानानं लावलेलं आकड्यात दिसावं असं मला वाटत होतं. २००० सालाआधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. दुरुस्तीआधी याच यंत्रावर साडेसहा आलं होतं. आता २.१ आलं. गावाकडे गॅस अॅनालायझर कोणाच्या गॅरेजमध्ये नसतो. पीयूसीचं यंत्र मात्र तालुक्याला असतंच. तिथल्या माणसाला विनंती केली तर तो स्क्रू फिरवत असताना आकडा दाखवत राहतो. जुन्या गाडीवाल्यांनी याचा उपयोग करून घ्यायला हवा.

आमच्या उन्हाळ्याचं एक वेगळं राहिलंच. ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते, त्यामुळे मे महिन्यात कुठलाही कार्बोरेटर थोडा रिचकडे, म्हणजे पेट्रोलकडे, झुकतो. त्यात आमचा कार्बोरेटर बसलेला हेडवर. गरम इंजिन बंद केलं की हेडची उष्णता वर चढते, कुंडीतलं पेट्रोल उकळून घशात सांडतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरू होत नाही. हा दुरुस्तीतला दोष नाही. कार्बोरेटरखालचं जाड इन्सुलेटर पॅकिंग कोणी काढून टाकलं असेल तर ते परत टाकावं, आम्ही टाकलं. आणि अशा वेळी सुरू करताना रेसचा पेडल पूर्ण दाबून धरावा, पंप करू नये. पंप केला की आणखी पेट्रोल पडतं. पेडल दाबून धरला की हवा जास्त जाते, सांडलेलं निघून जातं आणि इंजिन उचलतं. चोकला तर हातही लावू नये.

त्या आठवड्यात सोयाबीनच्या बियाण्याची पोती घेऊन वावरात गेलो. मिरगाचा पहिला पाऊस पडून गेलेला, काळी माती चाकाला चिकटायला लागलेली, पांदणीत मोटारसायकली धुऱ्यावर सोडून लोक पायी निघालेले. फोर-व्हील टाकून लो गिअरमध्ये ती पूर्ण भारानिशी चढली. मागे वळून पाहिलं तर धूर नव्हता. घरी येऊन प्लग काढले, चारही फिक्या तपकिरी रंगाचे. आता लिटरला साडेआठच्या आसपास मिळतात. या वयाच्या, या वजनाच्या जीपला हे मला पुरेसं वाटतं. ज्यांना हा आकडा कमी वाटेल, त्यांनी तिच्याकडून पावसाळ्यात पांदणीतून काम घेऊन पाहावं.

कोरलेला जेट मी डबीत ठेवला आहे, वर चिठ्ठी लावून, म्हणजे चुकून कोणी परत बसवणार नाही. भंगारातला कार्बोरेटर चाचांना परत द्यायला गेलो तर म्हणाले, “ठेव तुयाजवळच. पुढच्या जीपवाल्याले माप लागन.” शेजारच्या गावचा एक जण आपली जीप घेऊन परवा येणार आहे. तिलाही डिझेल टाकायचं ठरलं होतं. मी त्याला आधी चार प्लग काढून फळीवर मांडून ठेवायला सांगितलं आहे.